जुन्या चित्रपटातला अभिनय ‘नाटकी’ वाटतो तेव्हा

प्रश्न असा आला आहे: “कृष्णधवल चित्रपट पाहायचा मनापासून प्रयत्न करतेय. सगळे थोर म्हणतात त्यातले चार-पाच लावले. पण माणसं ठासून बोलतात, हातवारे करतात, डोळे मोठे करतात. सगळं नाटकी वाटतं आणि वीसेक मिनिटांत हात मोबाइलकडे जातो. माझ्यातच काही कमी आहे, की या चित्रपटांचं उगाच कौतुक होतं? आणि पुन्हा सुरुवात करायची तर कुठून?”

तुमच्यात काही कमी नाही, हे आधी सांगून टाकतो. तीसेक वर्षं मी चित्रपट मंडळाचे खेळ लावतो आहे. आधी सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर रिळं चढवायचो, आता सगळा चित्रपट खिशात मावतो. खेळ संपल्यावर खुर्च्या आवरताना हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, आणि बहुतेक वेळा जरा ओशाळून. उलट जे पहिल्याच दिवशी “वा, काय क्लासिक!” म्हणतात ते दुसऱ्या खेळाला फारसे दिसत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या प्रश्नात ‘नाटकी’ हा शब्द आहे, त्याच्यापाशी थोडं थांबू. या एका शब्दात आपण तीन निरनिराळ्या तक्रारी कोंबतो. कधी दोष यंत्राचा असतो, कधी ती त्या काळची रीत असते, आणि कधी समोरचा नट खरोखरच सुमार असतो. तिन्हींवर उपाय वेगळा. पहिल्यावर तर घरबसल्या उपाय करता येतो, म्हणून तिथूनच सुरू करतो.

अगदी सुरुवातीच्या दिवसांत मी एक मूकपट लावला होता. मरणाचा प्रसंग होता, आणि लोक हसायला लागले. मला त्यांचा राग आला. दोष माझाच होता, हे पुढे कळलं. मूकपटाच्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला सोळा चौकटी, म्हणजे सोळा स्थिर चित्रं, कधी अठरा, कधी वीस, असा हाताचा वेग असे. बोलपट आल्यावर आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेला बसली. तिचा वेग बदलला तर आवाज चिरका किंवा घोगरा होतो, म्हणून चोवीस चौकटींचा वेग कायमचा ठरला. माझ्या प्रोजेक्टरला तो एकच वेग माहीत होता. सोळा चौकटींनी टिपलेलं चोवीसने दाखवलं की तासाचा चित्रपट चाळीस मिनिटांत संपतो. मरणशय्येवरचा माणूस उडी मारल्यासारखा उठून बसतो आणि रडणारी बाई चिमणीसारखी मान हलवते. ‘जुन्या सिनेमात माणसं तुरुतुरु चालतात’ ही समजूत अशा चुकीच्या खेळांतूनच पसरली. तेव्हा मूकपट पाहताना माणसं धावत चालताना दिसली, तर ती प्रत बंद करा आणि योग्य वेगाची, जीर्णोद्धार केलेली प्रत शोधा. नटाला नावं ठेवणं त्यानंतर.

चेहऱ्यांचंही तसंच आहे. सुरुवातीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. गालांवरची, ओठांवरची लाली पडद्यावर काळपट उतरायची आणि निळे डोळे पांढरे पडायचे. म्हणून पांढऱ्या रंगाचा थर, काळे ओठ, कोरलेल्या भुवया. सगळे रंग ओळखणारी फिल्म १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्रास वापरात आली, आणि चेहऱ्याला कातडी फुटली. कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाने १९२८ साली जोन ऑफ आर्कच्या खटल्यावर चित्रपट केला, त्यात त्याने रंगभूषाच बंद केली. फाल्कोनेत्ती या नटीचा चेहरा पडदाभर दिसतो. त्वचेवरचे डाग दिसतात, कोरडे ओठ दिसतात. ती मूळची रंगभूमीवरची नटी होती, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह जळाली, आणि मूळ स्वरूपातली एक प्रत १९८१ साली नॉर्वेतल्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात सापडली. ती सापडली नसती तर आपण त्या नटीबद्दल ऐकीव गोष्टीच सांगत बसलो असतो. आपल्या ‘आलम आरा’चं तसंच झालं आहे. भारताचा पहिला बोलपट, १९३१चा, आणि आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही.

घरच्या पडद्याबद्दलही बोलायला हवं, कारण तुम्ही पाहिलेले चार-पाच चित्रपट बहुधा टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर पाहिले असतील. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते. ती बंद करा. ती चालू असली की जुना चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा दिसतो आणि अभिनय आणखी खोटा वाटतो. दुसरं म्हणजे, जुनी चौकट जवळजवळ चौरस असते. ती ओढूनताणून रुंद पडद्यावर पसरवली की सगळ्यांची तोंडं फुगतात, आणि कापून बसवली की हात तरी जातात नाही तर कपाळ तरी. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या. आवाजासाठी मी हेडफोन वापरायला सांगतो. तुम्हाला ‘ठासून बोलणं’ वाटतं त्यातलं निम्मं कधी कधी खरखरत्या ध्वनिपट्टीचं आणि टीव्हीच्या मागे तोंड करून बसलेल्या स्पीकरचं असतं.

हे सगळं करूनही नाटकी वाटलं तर ती बहुधा रीतीची गोष्ट असते. मूकपटातल्या मोठ्या हावभावांचं कारण उघड आहे, शब्दच नव्हते. बोलपटात मात्र शब्द आले आणि अभिनय काही काळ उलट ताठरला. माइक एकाच जागी, फुलदाणीत नाही तर टेबलाच्या आडोशाला लपवलेला असे. त्यापासून दोन पावलं लांब गेलं की आवाज गेला. हॉलिवूडमध्ये कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये येऊ नये म्हणून कॅमेराच आवाजबंद खोक्यात कोंडला होता, म्हणजे तोही जागचा हलत नसे. ‘आलम आरा’चं बरंचसं चित्रीकरण रात्री झालं, कारण स्टुडिओजवळून आगगाड्या जायच्या. पार्श्वगायन आपल्याकडे १९३५ साली सुरू झालं. तोपर्यंत नटाने गायचंही कॅमेऱ्यासमोरच, आणि वादक चौकटीच्या बाहेर दडून बसलेले. या परिस्थितीत कोणी स्पष्ट, सावकाश, एका जागी उभं राहून बोललं, तर मी त्याला नाटकी म्हणत नाही. तो बिचारा माइकची सेवा करतो आहे.

शिवाय माणसं आली कुठून? मराठीत तर सरळ रंगभूमीवरून. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत वाक्य पोचवायची सवय हाडात मुरलेली. ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२चा पहिला मराठी बोलपट पाहिलात तर ही सवय दिसेल, कानालाही जाणवेल. पण इथेच एक सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो, की रंगभूमीवरचे ते नाटकी आणि बाकीचे सहज. तसं नाही. फाल्कोनेत्तीचं वर सांगितलंच. ‘संत तुकाराम’मधले विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक नट होते. १९३६चा चित्रपट आहे. त्यांचा तुकाराम पाहा. बोलणं हळू, नजर कुठे तरी पलीकडे लागलेली, आणि अंगात घाई म्हणून नाही. आणि शेजारी गौरीबाईंची जिजाई. हातात वहाण घेऊन थेट विठोबावर धावून जाणारी, तोंडाळ, पोटच्या पोरांसाठी जीव तोडणारी. तिचा आवाज चढलेला असतो, हात चालू असतात, आणि तरी तिला कुणी नाटकी म्हणत नाही. कारण तशी बाई आपण पाहिलेली असते. मोठा अभिनय आणि खोटा अभिनय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या दोघांना शेजारी शेजारी पाहताना पहिल्यांदा नीट कळलं.

तिसरा प्रकार, म्हणजे नट खरोखरच कच्चा असणं. जुन्या चित्रपटांचे भक्त हे कबूल करायला तयार नसतात. मी करतो. अशोककुमार बॉम्बे टॉकीजच्या प्रयोगशाळेत काम करत होते. १९३६ साली त्यांना जवळजवळ ओढूनच कॅमेऱ्यासमोर उभं केलं गेलं. त्याच वर्षीच्या ‘अछूत कन्या’त ते अवघडलेले आहेत. हातांचं काय करायचं ते कळत नाही, चेहरा पाठ केल्यासारखा. सात वर्षांनी, १९४३ साली, ‘किस्मत’मध्ये तोच माणूस सिगारेट ओढत इतका सैल वावरतो की बाकीचे सगळे त्याच्यापुढे अभिनय करताहेत असं वाटावं. जमलं तर हे दोन चित्रपट एकाच आठवड्यात पाहा. एखादा नट पडद्याशी कसा जुळवून घेतो हे समजायला यापेक्षा चांगली जोडी मला माहीत नाही. ‘अछूत कन्या’ आवडला नाही तरी चालेल. मलाही नायिका देविकाराणींच्या चेहऱ्यावरचा प्रकाश सोडला तर तो तुकड्यातुकड्यांनीच आवडतो.

इथवरचं थोडक्यात: आधी प्रत आणि टीव्ही तपासा, मग माइक आणि रंगभूमी लक्षात घ्या, आणि त्यानंतरही खटकलं तर खुशाल नावं ठेवा.

पण हे झालं तक्रारीचं निदान. तुमचा हात मोबाइलकडे जातो त्याचं कारण वेगळं असावं असा मला संशय आहे. आपण सवयीने बोलणाऱ्याकडे बघतो. आजच्या चित्रपटात कॅमेरा आणि कातरी आपल्यासाठी बघायचं काम करून देतात. बोलणारा दिसला, लगेच ऐकणारा दिसला, पुन्हा बोलणारा. जुन्या चित्रपटात पुष्कळदा दोघे-तिघे एकाच चौकटीत बराच वेळ उभे असतात आणि कुणाकडे बघायचं ते आपल्यावर सोडलेलं असतं. आपण बोलणाऱ्यावर खिळून राहतो, त्याचं बोलणं आपल्याला ठासून वाटतं, आणि मग कंटाळा येतो.

म्हणून मी नव्या सभासदांना एकच गोष्ट सांगतो: ऐकणाऱ्याकडे बघा. संवाद कान टिपतीलच. डोळे मात्र गप्प उभ्या असलेल्या माणसावर ठेवा. दहा मिनिटं करून पाहा, चित्रपटच बदलतो. बोलताना नटाच्या हाती लेखकाचे शब्द असतात, दिग्दर्शकाने शिकवलेली लकब असते. ऐकताना त्याच्याकडे काहीच नसतं. वाईट नट ऐकत नाही, आपली पाळी यायची वाट बघतो. ते डोळ्यांत लगेच दिसतं. चांगला नट ऐकता ऐकता बदलतो.

१९५५च्या ‘देवदास’मध्ये दिलीपकुमार हळू आवाजात बोलतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही चुनीलालकडे, म्हणजे मोतीलालकडे, बघा. हा नट १९३०च्या दशकापासून पडद्यावर इतक्या सहज वावरत होता की लोकांना तो अभिनय करतोय असंच वाटत नसे. मित्राचं बोलणं हसत हसत ऐकताना मधेच त्याचं हसू किंचित उशिरा येतं. त्या उशिरात पुढचं सगळं आहे. असाच एक क्षण ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’त आहे. १९५३चा जपानी चित्रपट. म्हातारे आईबाप मुलांकडे शहरात येतात, मुलांना वेळ नसतो, विधवा सून तेवढी त्यांचं करते. कथा एवढीच, आपल्याकडे रोज घडते. वडिलांची भूमिका करणारा चिशू र्यू तेव्हा पन्नाशीचाही नव्हता. आणि तो करतो काय? “हं” म्हणतो, मान हलवतो, पंख्याने वारा घेतो. शेवटाकडे धाकटी नणंद आयुष्याबद्दल काहीतरी कडवट विचारते, आणि सेत्सुको हारा, म्हणजे सून, हसून हो म्हणते. ते हसू मी कितीदा पाहिलं असेल, अजून मला ते नीट वाचता येत नाही.

आणि ज्याच्यात शब्दच नाहीत त्या चित्रपटात? ‘सिटी लाइट्स’ घ्या. १९३१ साली सगळी दुनिया बोलायला लागली होती, चॅप्लिनने तरी मूकपटच केला, फक्त संगीत आणि आवाज जोडले. शेवटच्या प्रसंगात तो जवळजवळ काहीच करत नाही. मुलगी त्याच्याकडे बघते आणि तो तिचं बघणं सहन करतो. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की आमच्याकडे तो खेळ संपल्यावर दिवे लावायला मी नेहमी मुद्दाम थोडा उशीर करतो.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. भाषा समजत असेल तर जुन्या चित्रपटात शिरणं कितीतरी सोपं जातं, कारण शब्दांचा जुनेपणाच गोड वाटायला लागतो. लहानपणी घरात असले चित्रपट लागत असतील तर वळण आधीच पडलेलं असतं. नसेल तर पाच-सहा चित्रपट अंगावर येतील, इलाज नाही. तुम्ही दमून रात्री अकराला पाहात असाल तर ओझू लावू नका, झोप लागेल, आणि दोष त्याच्यावर जाईल. आणि काही गोष्टी आजच्या माणसाला खुपणारच. बायकांना दिलेल्या थपडा, नोकराची टिंगल, गोऱ्या नटाने तोंडाला काळं फासून केलेलं काम. तेव्हा असं चालायचं हे खरं, म्हणून आज तुम्हाला ते चाललं पाहिजे असं मुळीच नाही. मी स्वतः दोन-तीन नामांकित चित्रपट पुन्हा लावणार नाही, आणि मंडळात त्यावरून माझं भांडणही झालं आहे.

‘संथ’ ही तक्रार तुम्ही केलेली नाही, पण ती पाठोपाठ येतेच, म्हणून उत्तर देऊन ठेवतो. हॉवर्ड हॉक्सचा १९४०चा ‘हिज गर्ल फ्रायडे’ लावा. वर्तमानपत्राच्या कचेरीतली गोष्ट आहे. कॅरी ग्रँट आणि रोझलिंड रसेल एकमेकांचं वाक्य संपूच देत नाहीत. उपशीर्षकं वाचता वाचता दम लागतो. जुनं म्हणजे संथ हे डोक्यातून जायला हा एक चित्रपट पुरतो. तसाच बस्टर कीटन. १९२८च्या एका चित्रपटात घराची अख्खी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि उघड्या खिडकीची जागा नेमकी त्याच्या डोक्यावर आल्यामुळे तो वाचतो. भिंत खरी, वजन खरं, आणि चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. त्याला कुणी नाटकी म्हणून दाखवावं!

कुठून सुरुवात करू, असं विचारलंत. ‘जगातले शंभर सर्वोत्तम’ अशा याद्या बाजूला ठेवा. त्यात वरचे चित्रपट बहुधा असे असतात की ज्यांनी त्या काळी काहीतरी नवं केलं. आधीचं पाहिल्याशिवाय ते नवं काय होतं ते कळतच नाही. हसवणाऱ्यापासून सुरुवात करा, म्हणजे कीटन नाही तर चॅप्लिन. मग एखादा आवडलेला नट धरा आणि त्याचेच तीन चित्रपट पाहा, वेगवेगळ्या वर्षांचे. दिग्दर्शक धरून पाहणं नंतर. माणूस माणसाच्या ओढीने येतो, दिग्दर्शनाच्या नाही. बलराज साहनी हे नाव मी सुचवीन. ‘दो बीघा जमीन’साठी त्यांनी कलकत्त्यात हातरिक्षा ओढून पाहिली होती. १९५३च्या त्या चित्रपटात त्यांच्या पाठीकडे आणि पोटऱ्यांकडे बघा, चेहऱ्यापेक्षा जास्त तिथे लिहिलेलं आहे.

आणि मराठीतला एकच सांगायचा तर ‘कुंकू’, १९३७चा, शांतारामबापूंचा. प्रभातने तो हिंदीतही केला, ‘दुनिया न माने’ या नावाने, पण मिळाला तर मराठीच बघा. शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याशी लावून दिलेलं लग्न मानायला नकार देते. त्या नवऱ्याच्या भूमिकेत केशवराव दाते, पुन्हा रंगभूमीवर घडलेले. तुम्हाला खलनायक अपेक्षित असेल. तसा तो नाही, आणि हे तुम्हाला दाते गप्प असताना कळेल. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते घरातलं, रस्त्यावरचं. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज त्यातलाच. तेव्हा हेडफोन लावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि नीरा बोलायला लागली की दात्यांकडे बघा.